बाबासाहेबांचे लंडनमधील घर आणि किल्ली सांभाळणारी माणसे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषय आम्हीच निवडावा असे सांगितले. आम्ही व्याख्याते नाही. बँकेत काउंटरवर बसून पासबुके भरणारे आणि सह्या पडताळणारे कारकून आहोत. लंडन आम्ही पाहिलेले नाही. जे सांगणार आहोत ते वाचून आणि कात्रणे जमवून. तरीही लंडनमधील दोन घरांविषयी बोलण्याचे आम्ही ठरविले, कारण येत्या महिन्यात आपल्या संस्थेची कार्यकारिणी बदलत आहे आणि आपल्या वाचनालयाच्या दोन खोल्यांचे काय होणार, ही कुजबुज आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

पहिले घर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १०, किंग हेन्रीज रोड. परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते. १९१६ साली ते प्रथम लंडनला गेले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा बोट धरली. लंडनच्या त्या दिवसांत घरमालकिणीच्या बेताच्या जेवणाने पोट भरत नसे आणि रात्री पापडांवर भूक भागवून ते पुस्तक उघडून बसत, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने बाहेर आला. आम्ही ज्या नोटा रोज मोजतो त्या रुपयाच्या मूल्यासंबंधी हा ग्रंथ आहे, आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली ती याच विषयावर. बँकेतल्या किती कर्मचाऱ्यांना हे माहीत आहे असे विचारू नका. आम्हालाही नोकरीला लागून सहा वर्षे होईपर्यंत माहीत नव्हते.

बाबासाहेब त्या घरात भाडेकरू होते. घर दुसऱ्याचे, ते पुढेही दुसऱ्याचेच राहिले. भिंतीवर एक गोल निळी पाटी लागली, सामाजिक न्यायासाठी झगडणारे डॉ. आंबेडकर येथे राहत होते अशा आशयाची. भारतातून जाणारे लोक पाटीखाली उभे राहून छायाचित्र काढीत आणि परत फिरत. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आणि २०१४ साली ते घर विक्रीला निघाले.

येथे थोडे थांबून दुसऱ्या घराकडे जाऊ. ते या घरापासून पायी अर्ध्या तासाच्या आत आहे. हॅम्पस्टेड भागातील कीट्स ग्रोव्ह या रस्त्यावरचे, कवी जॉन कीट्सचे घर. आम्ही कला शाखेचे पदवीधर. बी.ए.ला इंग्रजीच्या पेपरात कीट्स आठ गुणांचा होता आणि त्या आठांपैकी आम्हाला किती पडले हे सांगण्यासारखे नाही. कीट्सचे वडील घोड्यांच्या तबेल्याचे व्यवस्थापक होते. मुलगा वैद्यकी शिकला, ती सोडून कवितेकडे वळला, तेव्हा त्या काळच्या टीकाकारांनी त्याच्या कवितेबरोबर त्याच्या खालच्या स्थितीची, त्याच्या शिक्षणाचीही टिंगल केली. ही गोष्ट शिकविताना आमच्या प्राध्यापकांनी पुढे जाण्याची घाई केली होती; आम्हाला मात्र ती लक्षात राहिली. डिसेंबर १८१८ पासून सप्टेंबर १८२० पर्यंत हा तरुण त्या घरात मित्राकडे राहत होता, भिंतीपलीकडे राहावयास आलेल्या फॅनी ब्रॉन या मुलीवर त्याचे प्रेम होते, तेथेच क्षयाने रक्त पडले आणि १८२१ च्या फेब्रुवारीत, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो रोममध्ये वारला.

ते घर मुळात जोडघर होते. कीट्सनंतर एका नटीने ते विकत घेऊन मधली भिंत काढली आणि दोहोंचे एक केले. १८९६ साली त्यावर पाटी लागली. आणि पाटी लागून चोवीस वर्षे होतात न होतात तोच, १९२० साली, घर पाडून तेथे नव्या सदनिका बांधण्याचा घाट घातला गेला. म्हणजे पाटी घर वाचवीत नाही. पाटीला नमस्कार करणारे पुष्कळ असले तरी वाचवीत नाही.

तेव्हा तेथील रहिवाशांनी समिती केली, वर्गणीचे आवाहन केले. पैसा इंग्लंडमध्ये जमला त्याहून मोठा भाग अमेरिकेतून आला असे म्हणतात. घर विकत घेतले, हॅम्पस्टेड बरो कौन्सिलच्या स्वाधीन केले आणि ९ मे १९२५ रोजी ते लोकांसाठी उघडले. आता तारखा लावून पाहा. ही वर्गणी ज्या दिवसांत गोळा होत होती, त्या दिवसांत बाबासाहेब त्याच शहरात होते. एका कवीचे भाड्याचे घर वाचविण्यासाठी लोक पै पै जमवीत आहेत, आणि हाकेच्या अंतरावर भाड्याच्या खोलीत हा विद्यार्थी रात्र जागवितो आहे. त्याच्या खोलीसाठी कोणी तरी असेच एक दिवस धावपळ करील, हे ना त्या लोकांच्या मनात आले असेल ना त्याच्या.

बंधू-भगिनींनो, वर्गणी जमवून घर घेणे हा सोपा भाग. उत्साहाचे दिवस असतात, पावतीपुस्तके फिरतात, हार पडतात. खरी परीक्षा पुढे असते, कारण घर तेथेच राहते आणि ते सांभाळणारे बदलत जातात. कीट्सच्या घराचे असेच झाले. १९६५ साली लंडनच्या कारभाराची पुनर्रचना झाली, हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रस या तीन बरोंचा मिळून कॅम्डेन हा नवा बरो झाला, आणि घर कॅम्डेन कौन्सिलकडे गेले. (ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियमही आज याच बरोत येतात, म्हणजे बाबासाहेबांच्या लंडनचा मोठा भाग आता एकाच कौन्सिलच्या हद्दीत आहे.) कौन्सिलपुढे शाळा, घरे, वृद्धांच्या सोयी, सगळेच असते. कवीचे घर त्या यादीत शेवटी लागते. शेवटी १९९७ साली व्यवस्थापन पुन्हा बदलले आणि घर सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आले. शेजारचे हॅम्पस्टेड हीथ हे विस्तीर्ण मैदान १९८९ पासून त्यांच्याकडेच होते. कॉर्पोरेशन तेथे मालक म्हणून वागत नाही. घर हा धर्मादाय न्यास आहे आणि कॉर्पोरेशन त्याचा विश्वस्त. लॉटरी निधीची मदत घेऊन मोठी दुरुस्ती झाली आणि २००९ मध्ये घर पुन्हा उघडले.

तीन व्यवस्थापने, आणि दर खेपेस नवे अधिकारी, नवे अंदाजपत्रक. स्थानिक लोकांची मंडळे मात्र तेथे वर्षानुवर्षे तीच असतात. त्या हीथचेच पाहा. त्याच्या रक्षणासाठी रहिवाशांनी १८९७ साली सोसायटी स्थापन केली. तेव्हा मैदान लंडन काउंटी कौन्सिलकडे होते, मग ग्रेटर लंडन कौन्सिलकडे गेले, ती १९८६ मध्ये बरखास्त झाली, पुढे कॉर्पोरेशन आले. सोसायटी अजून आहे. आणि कीट्सच्या घराला लागून १९३१ साली बांधलेले वाचनालय कॅम्डेनने चालविणे सोडले, तेव्हा २०१२ पासून वस्तीतल्या स्वयंसेवकांनी ते चालवावयास घेतले. पुस्तके देणे, परत घेणे, दिवे मालवणे, सगळे. निवृत्त माणसे, गृहिणी, विद्यार्थी. आम्हाला या साऱ्या हकिकतीत सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, कारण तीत मोठे कोणीही नाही.

आता पुन्हा किंग हेन्रीज रोडवर.

२०१४ मध्ये घर विक्रीस निघाले तेव्हा हे प्रथम हेरले ते तेथे राहणाऱ्या आपल्याच लोकांनी. फेडरेशन ऑफ आंबेडकराइट अँड बुद्धिस्ट ऑर्गनायझेशन्स, यू.के. ही तेथील संस्थांची संघटना. पंजाबातून, महाराष्ट्रातून गेलेली माणसे. कोणी सरकारी नोकर, कोणी कारखान्यातले, कोणी दुकानदार. तीस लाख पौंडांहून अधिक किमतीचे घर विकत घेणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. त्या वेळच्या दराने तीस कोटी रुपयांच्या वर रक्कम होते. म्हणून त्यांनी महाराष्ट्र शासनाला गळ घातली. आणि पाहा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यात निवडणूक झाली, सरकार बदलले. सरकार बदलले की फायलीचे काय होते हे या सभागृहातील प्रत्येक शासकीय कर्मचारी जाणतो. फाईल हरवीत नाही, ती 'सादर' होत राहते. परंतु पाठपुरावा करणारी माणसे लंडनमध्ये होती आणि त्यांचे सरकार बदललेले नव्हते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने घर विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत, स्मारकाचे उद्घाटन झाले. दिवाळीच्या त्या आठवड्यात आपल्या वस्तीत पेढे वाटले होते ते स्मरत असेल.

पेढे वाटून झाल्यावर आपण विसरलो. पण घर विसरता येत नाही. राहते घर स्मारक म्हणून वापरावयाचे तर तेथील कायद्याप्रमाणे वापर बदलण्याची परवानगी लागते. ती आधी घेतलेली नव्हती. २०१८ च्या आरंभी शेजारच्या दोघा रहिवाशांनी तक्रार केली की, बसगाड्या भरून लोक येतात, गोंगाट होतो. मग मागाहून अर्ज झाला. कॅम्डेन कौन्सिलने ऑक्टोबर २०१८ मध्ये तो नामंजूर केला. कारण असे दिले की, बरोत राहण्याच्या जागेची टंचाई आहे आणि एक राहते घर कमी करता येणार नाही.

ही बातमी आली त्या दिवशी बँकेच्या उपाहारगृहात आम्ही टेबलावर हात आपटून भाषण केले. येथेही जातीयता, तेथेही जातीयता, असे बरेच काही बोललो. एक सहकारी शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या इमारतीत तळमजल्यावर क्लास निघाला तेव्हा सोसायटीत पहिला अर्ज तुम्हीच दिला होता." आम्ही चहा संपविला. शेजाऱ्याचे म्हणणे खोटेच असते असे नाही, आणि घरटंचाई हे लंडनमधील खरे दुखणे आहे. आम्ही त्या लोकांची बाजू घेत नाही. परंतु ज्याच्या दारासमोर आपले स्मारक उभे राहणार, त्याच्याशी आधी बोलावयास हवे होते, आणि कागद आधी करावयास हवा होता, एवढे मान्य केले पाहिजे.

लंडनच्या मंडळींनी टेबलावर हात आपटले नाहीत. शासनाने अपील केले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये नियोजन निरीक्षकापुढे जाहीर चौकशी झाली. तेथे भावना चालत नाहीत. घराचे ऐतिहासिक मोल काय, भेट देणारे किती, त्यांनी शेजाऱ्यांना किती त्रास होतो, हे पुराव्याने दाखवावे लागते. या संघटनेच्या लोकांनी तेथे आपली बाजू मांडली. मधल्या काळात मुंबईत पुन्हा एकदा सरकार बदलले होते. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या संबंधित खात्याचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी कौन्सिलचा निर्णय फिरवून स्मारकाला परवानगी दिली. नंतर थोड्याच दिवसांत महासाथीमुळे साऱ्या लंडनची दारे बंद झाली, हा भाग वेगळा.

संघटनेच्या अध्यक्षा संतोष दास यांनी पुढे दोन अभ्यासकांसह 'आंबेडकर इन लंडन' या ग्रंथाचे संपादन केले, तो २०२२ साली निघाला. आपल्या वाचनालयात तो अद्याप नाही. विद्यार्थ्यांनी मागणी-वहीत लिहून ठेवावा.

आता आम्ही आमच्या काउंटरवर येतो, कारण आम्हाला खरे बोलायचे आहे ते याविषयी.

आमच्या शाखेत एका संस्थेचे खाते होते. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आपल्यासारखीच संस्था, आपल्यासारखेच छोटे वाचनालय. निवडणूक झाली, नवे अध्यक्ष आले. जुन्या मंडळींना निवडणूक मान्य नव्हती. एके सकाळी नवे कोषाध्यक्ष सह्या बदलण्याचा ठराव घेऊन आले, आणि त्याच दुपारी जुने सचिव दुसरा ठराव घेऊन आले. दोन्हींवर संस्थेचाच शिक्का. दोघेही आम्हाला "जयभीम साहेब" म्हणाले. दोघेही आमच्या ओळखीचे. अशा वेळी बँक काय करते? बँक व्यवहार थांबविते. आमच्या हातानेच त्या खात्याला खूण लागली. विजेचे बिल थकले, मीटर काढून नेला. कुलूप एकाचे, त्यावर दुसऱ्याचे. तीन पावसाळे गेले. पुढे तडजोड झाली तेव्हा दार उघडण्यासाठी सुतार बोलवावा लागला, आणि आत कपाट होते, पण कपाटातील बांधीव अंक हाताला लागताच भुगा झाले. वाळवीला ठराव लागत नाही. त्या दिवशी आम्ही तेथे गेलो होतो. एक म्हातारे गृहस्थ पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करून पिशवीत भरीत होते. कशाला, असे विचारले तर उत्तर दिले नाही.

दोन्ही गटांतील कोणीही वाईट नव्हता. प्रत्येकाला संस्थेचे भले करावयाचे होते. दोष होता तो असा की, जुन्यांनी नव्यांना दिले काय, याची यादीच नव्हती. आणि धर्मादाय कार्यालयात बदल कोणी कळविलाच नव्हता. मित्रहो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यावा लागतो. किती संस्था देतात? आमच्या काउंटरवर येणाऱ्या संस्थांचे कागद पाहता, पुष्कळांच्या अनुसूचीवर अजून निधन पावलेल्या माणसांची नावे आहेत. बँकेत सही जिवंत माणसाची आणि धर्मादाय कार्यालयात विश्वस्त स्वर्गवासी, असा हा कारभार. तसेच न्यासाची स्थावर मिळकत विकावयाची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे येथे सांगण्याचे कारण, वाचनालयाच्या दोन खोल्या 'काढून टाकून' मोठे सभागृह बांधू, असे काही उत्साही मित्र म्हणत आहेत. बांधावे, आमचा विरोध नाही. पण खोल्या कोणा एका कार्यकारिणीच्या नाहीत. कॉर्पोरेशनचे उदाहरण आम्ही एवढ्यासाठीच दिले. एवढी श्रीमंत संस्था, पण त्या घरापुरती ती फक्त विश्वस्त.

आमच्या बँकेचेही विलीनीकरण झाले. एका रविवारी पाटी उतरली, सोमवारी दुसरी चढली. दारात एक आजी पासबुक घेऊन उभ्या होत्या, आपले पैसे जुन्या बँकेबरोबर गेले की काय म्हणून. आम्ही त्यांना खातेवही दाखविली, शिल्लक रुपये चार हजार दोनशे, जशीच्या तशी. पाटी बदलली तरी खातेवही बदलली नव्हती, म्हणून आजी घरी जाऊन निवांत झोपल्या.

आपल्या वाचनालयाची खातेवही म्हणजे दाखल-नोंदवही. ती आम्ही गेल्या आठवड्यात मागवून पाहिली. शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर देणगी मिळालेली पुस्तके कपाटात आहेत, पण वहीत नाहीत. किल्ल्या तीन आहेत असे मावळते सचिव म्हणतात. आम्हाला दोनच सापडल्या. तिसरी ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती आणून द्यावी, कोणी काही विचारणार नाही.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता मावळते आणि नियोजित दोन्ही पदाधिकारी वाचनालयात हजर राहतील, असे दोहोंकडून आम्ही कबूल करून घेतले आहे. त्यांच्यासमोर एकेक पुस्तक काढून यादी करावयाची आहे, आणि यादीखाली दोघांच्याही सह्या घ्यावयाच्या आहेत. विद्यार्थ्यांनी येताना एक वही आणि एक कोरडे फडके आणावे. चहाची व्यवस्था महिला मंडळावर टाकलेली नाही, ती आमच्याकडे आहे. जयभीम.